वाघोलीच्या शेतातला बैल

प्राण्यांची हाडं ओळखणं हे माझं काम. उत्खननात ती बहुतेकदा तुटलेली आणि सुरीच्या खुणा असलेली, म्हणजे कुणाच्या तरी जेवणातली निघतात. म्हणून वाघोलीत इमारतीचा पाया खणताना सापडलेला अख्खा बैल बघून मी खड्ड्याच्या काठावरच बसले. त्याचे पाय नीट दुमडलेले होते, गळ्याशी पितळी घंटा होती आणि मान एका सपाट दगडावर टेकवलेली होती.

ही जमीन पूर्वी ज्यांची होती, त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी बघायला आल्या. घंटा त्यांनी लगेच ओळखली.

“आमच्या मालकांनी पुरला त्याला. मीठ घालून, रडत रडत.”

“आणि आजी, मानेखाली दगड कशाला?”

“उशी हाय ती. जू वाहून मान सुजायची त्याची.”

सांगाडा आमच्या संग्रहात न्यायचं ठरलं होतं. ते ऐकून आजी त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. मग मीच वरिष्ठांना फोन करून तो इथेच ठेवायची परवानगी घेतली. मोजमापं आणि फोटो घेऊन आम्ही तो आजींच्या घरामागे, लिंबाखाली पुन्हा पुरला. हाडं पेटीत भरायची मला सवय. मातीत परत ठेवायची ही पहिलीच वेळ होती.

“सावकाश गं पोरी,” आजी म्हणाल्या, जणू त्याला दुखलं असतं.

माती लोटून झाल्यावर त्यांनी मला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि जेवायला बसवलं.