सोप्यातली म्हैस
ट्रंक उघडली की लोकरीचा वास येतो आणि मुडशिंगीतलं ते वादळ आठवतं. चैत्रातली टळटळीत दुपार होती. बघता बघता आभाळ काळं झालं, लाल धुरळा उठला आणि उन्हात घातलेल्या पापडांबरोबर आमच्या गोठ्याचे पत्रेही उडाले. पाठोपाठ गारा आल्या. मला तिसरा महिना होता आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. माहेरचं घोंगडं गुंडाळून मी घराच्या पुढल्या सोप्यात काकडत बसले होते. मालक उडत्या पत्र्यांमधून गोठ्याकडे धावले आणि म्हशीला थेट सोप्यात घेऊन आले. वाटलं, आता माझ्याकडं बघतील. बघितलं त्यांनी, माझ्या अंगावरचं घोंगडं ओढलं आणि तिच्या पाठीवर घातलं. "गाभण हाय की ती," सासूबाई मला म्हणाल्या. मालक तिच्या मानेवरनं हात फिरवत राहिले, "भ्यालीस व्हय गं?" इतक्या मायेनं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. घोंगडं धुऊन मी ट्रंकेच्या तळाशी घातलं, ते आजही तिथंच आहे. दर थंडीत मालक विचारतात, "ते घोंगडं कुठं हाय?" मी सांगते, "म्हशीला विचारा."