वगळायच्या नावांची यादी

ग्रंथालयाचे सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे फौजदार म्हणत. संगणकावरचा सर्वाधिकार, त्यांच्या धंद्यात ज्याला रूट म्हणतात, तो एकट्या त्यांच्या हातात. कुणाचंही फोल्डर उघडावं, कुणाचंही पुसावं, विचारणारा कुणी नाही. पण माणूस धुतल्या तांदळासारखा. रूटनं स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञा, चालवायची तर आधी एकेक ओळ मोठ्यानं वाचायचे. "रूटला संगणक उलट प्रश्न करत नाही," म्हणायचे, "म्हणून आपणच स्वतःला करायचा."

त्यांची बायको तिथेच पुस्तकांची सूची करायची. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून रोज काहीतरी टाइप करत बसे. फौजदारांनी विचारलं की म्हणे, "तुम्हाला काय करायचंय? वेळ आली की देईन वाचायला." वेळ यायच्या आत तीच गेली.

नोकरीत आता नसलेल्यांची फोल्डरं पुसणारी स्क्रिप्ट दर रविवारी सकाळी आपोआप चाले, रूटच्या अधिकारानं. फौजदारांनीच लिहिलेली. वगळायच्या नावांची यादी त्यांनी स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि तीत एकच नाव घातलं. चार वर्षं बायकोचं फोल्डर सुखरूप राहिलं. एका आज्ञेनं उघडलं असतं. पण नोकरीनं दिलेल्या अधिकारानं तिचं मन वाचणं त्यांना पटेना. निवृत्त झाल्यावर नवरा म्हणून रीतसर अर्ज करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. हसायचं तर हसा, पण ते खरंच तसे होते.

शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी आपलं खातं फोल्डरसकट स्वतःच्या हातानं काढून टाकलं. सोमवारी अर्ज घेऊन आले.

त्यांच्या खुर्चीवर आलेली नवी मुलगी बराच वेळ शोधत राहिली.

"सर, ते फोल्डर काल पुसलं गेलं. यादी तुमच्या फोल्डरमध्ये होती ना? ती तुमच्या खात्याबरोबर गेली. यादीच नाही म्हटल्यावर स्क्रिप्टनं कुणालाच वगळलं नाही."

बॅकअपचं त्यांनी विचारलंच नाही. गेलेल्यांची फोल्डरं त्यात घ्यायची नाहीत, हा नियमही त्यांचाच. त्यांनी स्क्रिप्ट पडद्यावर मागितली आणि सवयीनं मोठ्यानं वाचली.

"यादी सापडली नाही तर थांब, एवढी एक ओळ लिहायची राहिली," ते म्हणाले.

मुलीनं हळूच विचारलं, "काय होतं सर त्या फोल्डरमध्ये?"

फौजदारांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली.

"माहीत नाही," ते म्हणाले.