किती तपासले ते सांगू नका

आमच्या दाजींइतका तपासणीच्या नावानं चिडणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे या गृहस्थांचा जन्म दुसऱ्यांना तपासण्यात गेला. भुसावळला रेल्वेत ते टीसी होते. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. एखाद्या लग्नात पंगतीत फिरून ते पत्रिका मागतील अशी मला कायम धास्ती असते. डॉक्टरांनी गोळी दिली, तरी "ही घेऊन किती बरे झाले? न घेता किती?" हे विचारल्याशिवाय ते पाण्याचा पेला उचलत नाहीत. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तोवर पेला धरून ताटकळते.

पण खरा राग आरोग्य शिबिरांवर. 'हजारो महिलांची तपासणी' असा फलक लागला की यांचं डोकं सणकतं. एकदा शिबिर भरवणाऱ्या आरोग्य खात्याच्या साहेबांचा सत्कार होता, तर भर सत्कारात उभे राहून त्यांनी साहेबांनाच विचारलं, "किती तपासले ते सांगू नका. मी रोज डबेच्या डबे तपासायचो, मला कुणी हार घातला नाही. तपासल्यामुळे वाचल्या किती? उगाच घाबरवल्या किती? आणि ठीक आहे म्हणून घरी पाठवलेल्यांत नंतर आजारी किती निघाल्या?"

साहेब म्हणाले, "काका, चहा घ्या." मी शरमेनं मान खाली घातली.

आज त्याच साहेबांचा मला संताप येतो. पुढच्याच शिबिरात अक्काच्या कार्डावर 'गाठीचा संशय' असं लिहून आलं. जळगावला मोठी तपासणी, तीही महिन्यानं! कुणी समजावून सांगितलं नाही, कुणी पुन्हा फिरकलं नाही. माझ्या बहिणीनं त्या महिन्यात कपाट रिकामं केलं. साड्या सुनांना वाटल्या, लग्नातला शालू माझ्या बायकोला दिला. जेवण तर सुटलंच होतं.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. आम्ही पेढे आणले. दाजी मात्र दवाखान्यातच ओरडले, "आणि हा महिना? हा कुठल्या रकान्यात लिहिणार?" तसा रकानाच नव्हता. शिबिराच्या यादीत अक्का म्हणजे तपासलेली आणखी एक बाई, बस्स!

परवा मी आणि बायको शालू परत करायला गेलो. अक्का माहेरच्या, साक्रीकडच्या बोलीत हळूच म्हणाली, "राहू दे तुनाकडेच. पुढला सालले परत बलायेल शे." म्हणजे पुढच्या वर्षी तिला पुन्हा तपासणीला बोलावलं होतं.

दाजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता प्रश्नांची फैर सुटणार. पण त्यांनी माझ्या बायकोच्या हातातला शालू घेतला आणि स्वतःच्या हातानं अक्काच्या कपाटात ठेवून दिला.