गच्चीवरचं घर

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी दार मोजायचे. पॅन्टच्या खिशात पोलादी टेप कायम. यजमान "या, बसा" म्हणतायत आणि हे आपले चौकटीला टेप लावून उभे. मला बघायला मोर्शीला आले तेव्हाही त्यांनी आधी आमच्या स्वयंपाकघराचं दार मोजलं. माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, ही कपाट-फ्रिज मागायची तयारी. मामाजी टेप मिटवत एवढंच म्हणाले, "दार लहान हाये, बापा. दोन्ही हातात ताट घेतलं की बाई अडकते." मी पोह्यांचा ट्रे घेऊन नेमकी त्याच दारात उभी होते. मला सासरा आधी पसंत पडला, नवऱ्याकडे मी त्यानंतर पाहिलं.

सरकारी खात्यात ते आरेखक होते. जन्मभर लोकांची धरणं, पूल, कार्यालयं कागदावर काढली आणि स्वतः राहिले अकोल्याला, जुन्या शहरात, भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर. मी शिक्षिका, माझी शाळा अमरावतीला. मी रोज अप-डाऊन करायचे, आणि घरी पोचेपर्यंत माझं डोकं इतकं तापलेलं असायचं की समोर येईल त्यावर ओरडायचे. अमरावतीच्या बाहेर, भातकुली रोडवरच्या एका ले-आउटमध्ये मामाजींनी प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथे तेव्हा चुन्यानं रंगवलेले दगड आणि आजूबाजूला तूर, बाकी काही नाही. घर कधी बांधायचं विचारलं की म्हणायचे, "घाई कायची? प्लॉट काय पळून राहिला का?" मी मनात म्हणायचे, प्लॉट नाही पळत, मी पळते रोज.

मग आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, औषधानं फक्त उशीर होईल. परतीच्या बसमध्ये मामाजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. अकोला आल्यावर त्यांनी आईंना विचारलं, "आता किती दिसते वं?" आई म्हणाल्या, "तुमी दिसता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना घाई झाली.

एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर सगळ्या गच्चीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा. मामाजी गुडघ्यांवर बसून दोरी धरून आखत होते. मला म्हणाले, "हॉलमधून चालू नको, चपला काढ." नव्या घराचा नकाशा त्यांनी खऱ्या मापात तिथे उतरवला होता. गच्ची अपुरी पडल्यामुळे संडास-बाथरूम घरमालकाच्या पाण्याच्या टाकीवर येत होतं. ते म्हणाले, ते मागच्या अंगणात शिकवू.

शिकवायचं होतं आईंना. नजर आहे तोवर नवं घर पायांना पाठ करून द्यायचं, असा त्यांचा बेत. "आंधळं माणूस नव्या घरी गेलं की पाहुणं होते," ते मला म्हणाले होते. "पाणी बी मांगून प्या लागते. माह्या बायकोनं स्वतःच्या घरात पाणी मांगाचं नाई." त्यांनी आईंचं पाऊल मोजलं, दीड फूट भरलं, आणि सगळ्या खोल्या पावलांत बसवल्या. उंबऱ्यापासून सरळ सात पावलं, मग डावीकडे वळून चार, की स्वयंपाकघराचं दार. दार साडेतीन फुटांचं. इतकं रुंद कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

रोज सकाळी आई डोळे मिटून चालायच्या आणि मामाजी हात पाठीशी बांधून मागे. आई रेघेवर पाय टाकायच्या, चुकायच्या, मी धरायला धावायचे. की लगेच, "हात नको लावू तिले! आधी पायाले कळू दे, डोकं मांगून येते." शेजारच्या गच्च्यांवर लोक जमायचे. आई लाजायच्या, लोक हसून राहिले म्हणायच्या. मामाजी म्हणायचे, "हसू दे. तुह्यं घर त्यायले दिसून राहिलं, म्हणून हसतात." फक्की वाऱ्यानं उडायची, ते पुन्हा आखायचे. काही महिन्यांनी रेघा लागेनाशा झाल्या. मोकळ्या गच्चीवर आई सात पावलं जायच्या, वळायच्या, आणि चार पावलं टाकून जिथे दार हवं तिथे बरोबर थांबायच्या. मग हवेतच हात पुढे करून ओटा चाचपायच्या.

घराच्या भिंती खिडक्यांपर्यंत आल्या होत्या तेव्हा मामाजी गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, उठलेच नाहीत. मी शाळेतून आले तर अंगणात माणसं. मी वर गेले, त्यांचं दुपारचं ताट उचललं, आलेल्यांना पाणी दिलं. मला रडू आलं नाही. तेरवीलाही आलं नाही. आतून सगळं बधिर झालेलं. पोळ्या लाटत होते, फळ्यावर लिहीत होते, बसमध्ये बसत होते, आणि कशाचं काही वाटत नव्हतं. लोक म्हणाले, सून खंबीर आहे. डोंबलाची खंबीर!

बांधकाम माझ्या अंगावर पडलं. नवरा औषध कंपनीत, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. शाळा सुटली की मी साइटवर जाऊन यायचे. मिस्त्री काहीतरी विचारायचा आणि मी हो म्हणायचे. टाइल्स ह्या लावू? हो. खिडकीला जाळी? हो. एकदा म्हणाला, "वहिनी, किचनचं दार तीन-चार फूट उजवीकडे सरकवलं तर या कोपऱ्यात फ्रिज मस्त बसते." मी भिंतीकडे पाहिलं आणि हो म्हणाले. भातकुलीहून येणारी बस निघून जाईल, एवढंच डोक्यात होतं.

आणि घरी आई रोज गच्चीवर चालत होत्या. एकट्या. आता त्यांना फक्त उजेड कळत होता. मी तिथेच, त्यांच्यापासून दहा हातांवर, कपडे झटकून दोरीवर टाकत होते. सात, वळण, चार. रोज पाहिलं. एक दिवससुद्धा मला ते दार आठवलं नाही. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आई साइटवर कधी आल्या नाहीत. म्हणायच्या, पुरं झालं की एकदमच येईन. वास्तूच्या दिवशी नव्या चुलीवर दूध उतू घालायचं होतं. विधवेच्या हातून कसं, अशी कुजबुज झाली. त्या दिवशी मात्र मी पूर्वीसारखी ओरडले आणि दुधाचं पातेलं आईंच्याच हातात दिलं. दारात मी त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला. "मले पाठ हाये," म्हणाल्या.

दोन्ही हातांत पातेलं, मान ताठ. सात पावलं. माणसं बाजूला झाली. डावीकडे वळल्या. आणि त्यांनी पहिलं पाऊल उचललं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी "आई" म्हणेपर्यंत चौथं पाऊल पडलं होतं.

पातेलं भिंतीवर आपटलं. दूध त्यांच्या लुगड्यावर, टाइल्सवर, सगळीकडे. त्या पडल्या नाहीत. तळवा भिंतीला लावून त्यांनी वर-खाली चाचपलं. मग भिंतीला पाठ करून, पावलं मोजत उंबऱ्याशी परत गेल्या आणि पुन्हा निघाल्या. रिकामं पातेलं हातात. सात, वळण, चार. पुन्हा भिंत.

"माही पावलं चुकून राहिली," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान झाला होता.

मी जवळ गेले. "आई, तुमची पावलं बरोबर आहेत. दार मी सरकवलं. फ्रिजसाठी."

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं. त्यांनी भिंतीवर कपाळ टेकलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बरं झालं वं सांगतलं," म्हणाल्या. "मले वाटलं, त्यायचं माप चुकलं."

तेव्हा मला रडू आलं. मामाजी गेल्यानंतर पहिल्यांदा, पाहुण्यांसमोर, दुधात बसून मी रडले.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून नवंकोरं दार बुजवलं आणि भिंत फोडली. कुठे फोडायची ती खूण मी मामाजींच्या टेपनं केली, दोनदा मोजून. साडेतीन फूट. फ्रिज आता हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी असतो. येणारे विचारतात, मी सांगत बसत नाही.

धूळ बसल्यावर आई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. मी मागे. सात पावलं, डावीकडे, चार, आणि त्या आत गेल्या. ओट्याला हात लागला, माठ सापडला. स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायल्या. मग मागे न वळता म्हणाल्या, "हात त नाई लावला ना?"

"नाही," मी म्हणाले. माझे दोन्ही हात पाठीशी होते.