मांडीतली सळी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. अजूनही येतो. महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, ‘सुटले बिचारे’ म्हणतात, मी मान डोलावते. सुटले कसले... ज्या गोष्टीवर त्याने जन्म घालवला, तिनेच त्याला नेलं.

माझा हा मोठा भाऊ समुद्रात बुडवलेल्या पोलादाचा अभ्यास करायचा, तोही दिल्लीत बसून. अधूनमधून कोकणात जाऊन धक्क्याला टांगलेल्या पट्ट्या काढून आणायचा. त्यांच्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर धरलेला असे. सरोजिनी नगरला माझ्या क्वार्टरमध्ये आला की मुलांना बादलीच्या तळाला बोट लावायला सांगायचा. “हे नुसतं ओशट नाही, वस्ती आहे. एकदा थर धरला की वरून कितीही औषध ओता, आतल्यांचं काही बिघडत नाही. पट्टीच बदलायची.” वहिनी म्हणायची, “जेवायच्या वेळी तरी पुरे करा हो.”

रिटायर होऊन तो गुडगावला नव्या सोसायटीत गेला. तेव्हा तिथे इमारती आधी उठत होत्या, रस्ते मागून. हायवे ओलांडताना ट्रकने त्याची स्कूटर उडवली, आणि मोडलेल्या मांडीत पोलादी सळी घालावी लागली. काठी घेऊन तो फिरायलाही लागला होता, तोच जखमेतून पू यायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सळीवर जंतूंनी थर धरलाय, ती काढावी लागेल, कदाचित पायही जाईल. हा ताबडतोब हो म्हणेल असं आम्हाला वाटलं, कारण त्याला काय समजवायचं? पण दादा म्हणाला, “डॉक्टर साहब, दवाई का एक कोर्स और देख लेते हैं.” मग आणखी एक... मग आणखी एक.

शेवटी मी चिडले. “दादा, बादलीचं आम्हाला कोण सांगायचं रे?”

तो म्हणाला, “पट्टी दुसरी टांगता येते, सुमे. पाय कुठून आणू?”

विष रक्तात भिनलं तेव्हा हो म्हणायला तो शुद्धीवरच नव्हता.

त्याच्या मुलाला अस्थींबरोबर राखेत सळी सापडली. टाकवेना म्हणून रुमालात गुंडाळून त्याने ती घरी आणली. वहिनीने विचारलं, “हीपण गंगेत सोडायची ना?” मी इतक्या जोरात नाही म्हणाले की भाचा दचकला. पाण्यात नाही.

आता ती त्यांच्या बाल्कनीत उन्हात असते. कुंड्यांना पाणी घालायच्या आधी वहिनी ती उचलून आत नेऊन ठेवते.