खदानीच्या कपारीत माझा दंड कुणी धरला?

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण आजवर नुसता वाचत आलो. खरं सांगायचं तर वाचून हसत आलो... कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीत न बसलेला माणूस उतरला — असलं काही आलं की मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, मोठ्यानं वाचून दाखवायचो. "ह्या लोकांची झोप पूर्ण होत न्हाई," असं वर म्हणायचो. आज मीच लिहायला बसलोय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

माझ्या धंद्यात भुताला जागा नव्हती. मी डायव्हर. आधी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर पाण्याखालची कामं केली, मग अंदमानात टेक्निकल डायव्हिंग शिकवलं. टेक्निकल म्हणजे हौशी लोक जातात त्याहून खोल, नाहीतर गुहेत, बुडालेल्या जहाजाच्या पोटात — जिथून मनात आलं की सरळ वर येता येत नाही. फार खोल गेलं की नायट्रोजनची नशा चढते, माणसाला काहीबाही दिसतं, ऐकू येतं. पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, "पाण्याखाली भूत नसतं, नायट्रोजन असतो."

निवृत्त होऊन बदनापूरला घर केलं. वय एकोणसाठ. रोज सकाळी संशोधन केंद्राच्या रस्त्यानं पळायचो, सूर्यनमस्कार घालायचो. पोट नाही, शुगर नाही. आदल्या वर्षीची हृदयाची, पट्ट्यावर पळायची टेस्टसुद्धा नॉर्मल. कॉलेजची पोरं दमायची आणि मी पुढं निघून जायचो... याचा थोडा तोराही होता. सुनंदा म्हणायची, "अहो, पळता तितकं पळा. पण पाण्यात उतरायचं आता पुरे करा." मी म्हणायचो, "अगं, फिट माणसाला वय नसतं."

तर मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा शाळेतला दोस्त सलीम, त्याचं भोकरदनला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतून, बोअरमधून मोटारी काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याचा सकाळीच फोन आला.

"दिगंबर, एक काम अडून राह्यलंय यार. तुझ्याशिवाय होणार न्हाई."

केदारखेड्याच्या पुढं एक गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. तिथं बंद पडलेली दगडाची खदान आहे, कित्येक वर्षांपासून पाण्यानं भरलेली. गावाच्या नळाला पाणी तिथूनच. पाइप तुटून मोटार खाली गेल्ती आणि तळाशी खडकाच्या कपारीत घुसली होती. गळ टाकून पाहिला, लागेना. सारं गाव टँकरच्या मागं पळत होतं. सलीमचं सासर त्याच गावात. दोन पोरांनी उगं श्वास रोखून बुडी मारायचा प्रयत्न केला, त्यातला एक नाकातोंडात पाणी जाऊन थोडक्यात वाचला. तेव्हा कुठं सलीमला माझी आठवण झाली.

संभाजीनगरहून माझा एक जुना विद्यार्थी जोडीला येणार होता, पण सर्दीनं त्याचे कान बंद झाले. कान बंद असताना पाण्यात उतरणं म्हणजे पडदा फाडून घेणं. मग ठरवलं, दोरीवर उतरायचं. कंबरेच्या पट्ट्याला दोरी, दुसरं टोक काठावर सलीमच्या हातात. खुणा साध्या. मी एक झटका दिला तर थांब. चार झटके — वर ओढ. काठावर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क ठेवला. तो कसा लावायचा ते सलीमला दाखवलं. जीप रस्त्याकडं तोंड फिरवून उभी केली. हे सगळं मी दर वेळी करतो, कंटाळा करत नाही.

सकाळपासून छातीच्या मधोमध जळजळत होतं. नाश्त्याला ठेचा खाल्ला होता, त्याच्यावर ढकललं.

सत्तरेक फुटांवर तळ लागला. पाणी गार. कपार म्हणजे खडकाचं छप्परच. आडवं होऊन आत शिरलो तर मोटारीचं टोक हाताला लागलं. पण हात लागताच वर्षानुवर्षांचा गाळ उठला. क्षणात सगळं काळं... टॉर्च काचेला टेकवला तरी उजेड दिसेना. मला त्याची भीती नाही, असल्या पाण्यात कामं केलीत. हूक कुठं अडकवायचा ते चाचपत होतो.

आणि कुणीतरी माझा दंड दाबला.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल. दिसत नाही अशा पाण्यात आम्ही डायव्हर एकमेकांशी हातानं बोलतो. मागचा माणूस पुढच्याचा दंड धरतो. दाबला म्हणजे थांब. पुढं ढकललं म्हणजे चल. मागं ओढलं म्हणजे परत फिर. ही भाषा गावात बसून कुणी शिकत नाही.

उजवा दंड. कोपराच्या वर. चार बोटं बाहेरून, अंगठा आतून... जाड सूटमधूनही वेगवेगळी कळत होती. आणि गंमत बघा, मी घाबरलो नाही. सवयीनं थांबलो. जोडीदारानं थांब म्हटलं की थांबायचं, विचार नंतर करायचा. दोन श्वास गेले असतील, मग डोक्यात आलं — आज माझ्या मागं कुणीच नाही.

तेवढ्यात त्या हातानं मला मागं ओढलं. हिसका नाही, घाई नाही. नवख्या माणसाला बाहेर काढताना आपण धरतो तसं, सावकाश, माझं डोकं वर खडकाला लागणार नाही अशा बेतानं. मी हूक सोडून दिला आणि येऊ दिलं. छप्पर संपलं, वरून अंधुक हिरवा उजेड आला, आणि दंड मोकळा झाला. वळून पाहिलं. गाळाचा ढग... बाकी काही नाही.

त्याच क्षणी दोरी ताठ झाली. सलीम मला वर ओढू लागला.

मला रागच आला. सांगितल्याशिवाय ओढतो म्हणजे काय? पंधरा फुटांवर एक झटका देऊन त्याला थांबवलं, तिथं काही मिनिटं थांबून अंगातला वायू निघू द्यावा लागतो. तिथंच लटकलेला असताना छातीवर कुणी दगड ठेवावा तसं झालं. जबडा दुखायला लागला. श्वास घेतला तरी पुरेना. मी वर आलो तेव्हा ओठ निळे पडले होते म्हणे. काठावर पडल्या पडल्या उलटी झाली, थंडीत घामानं डबडबलो. तशातही मी सलीमवर खेकसलो, "कशाला ओढलं रे?"

"अरे तूच तर झटके दिले!" तो मास्क माझ्या तोंडावर दाबत ओरडला. "चार. बराबर चार! आता बोलू नको बिलकुल. ए, जीप घ्या रे जल्दी!"

खाली असताना मी दोरीला हातसुद्धा लावला नव्हता.

जालन्यापर्यंत त्यानं माझं डोकं मांडीवर धरलं होतं आणि सिलिंडरचा काटा बघत राह्यला होता. दवाखान्यात नेल्या नेल्या आत घेतलं. हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट टाकला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी समजावलं — पळायला फिट असणं वेगळं आणि पाण्याखाली फिट असणं वेगळं. गार पाणी आणि दाब, दोन्ही मिळून हातापायातलं रक्त छातीकडं ढकलतात, हृदयावर बोजा येतो. वय वाढलं की आतल्या नळ्या काय करून राह्यल्यात ते बाहेरून दिसत नाही, एखाद्या टेस्टमधूनही ते सुटतं.

"खाली असतानाच झटका आला असता तर?" सुनंदानं विचारलं.

"कपारीत शुद्ध गेली असती," त्या म्हणाल्या. "तोंडातली नळी सुटली असती. आणि वरून ओढणारे ओढतच राहिले असते, हे खडकात अडकलेले."

 सुनंदा माझ्या पायावरची चादर नीट करत राहिली, ती नीट असूनसुद्धा.

मी डॉक्टर बाईंना हाताचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे विशेष. म्हणाल्या, हृदयाचं दुखणं दंडात उतरतं, कधी उजव्याही. मान्य. पण दुखणं माणसाला मागं कसं ओढेल? नायट्रोजन म्हणावा, तर सत्तर फुटांवर माझ्यासारख्याला नशा होत नाही. पाण्याची ओढ म्हणावी, तर खदानीचं पाणी उभं असतं. दोरी खडकाला घासून झटके बसले असतील, असं मी स्वतःच सलीमला म्हणून पाहिलं. तो चिडला.

"घासलेली दोरी आन् कुनी वढलेली दोरी, मला कळत न्हाई का? एक... मंग दुसरा... मंग तिसरा, चौथा. सबुरीनं. तू देतो तसे न्हाई, तू घाई करतो." मग म्हणाला, "दिगंबर, तू दिले न्हाई... मंग कोनी दिले यार?"



मोटार नंतर संभाजीनगरच्या दोन तरुण डायव्हरांनी जोडीनं उतरून काढली. गावाला पाणी सुरू झालं. त्यांना खाली काही जाणवलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, खदानीत कुणी बुडून गेलं होतं का कधी? कुणालाच तसं आठवेना. म्हणजे तीही गोष्ट जुळत नाही.

बरा झाल्यावर सुनंदा म्हणाली, मला ती जागा बघायची. सलीम आम्हाला जीपनं घेऊन गेला. स्वच्छ ऊन पडलं होतं, पलीकडं बाया कपडे धूत होत्या. मला वाटलं ही नारळ वगैरे फोडेल. तसं काही नाही. पदर खोचून ती पाण्याच्या अगदी कडेला गेली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"कोन हाय ते मला म्हाईत न्हाई. बाई असा, बाप्या असा. माझं मानूस तुमी परत पाठवलं. लई उपकार झाले. बदनापूरला आमचं घर हाय, स्टेशनच्या अलीकडं. कधी आलात तर चहा घेऊन जा."

"भाभी!" सलीम दचकलाच. "खरंच आलं म्हंजे?"

"येऊ द्या न, भाऊ. चहाच तर पाजायचाय."

पाणी हललं नाही, काही नाही. आम्ही परत आलो.

आता मी डाइव्ह करत नाही. पळणंही सोडलं, चालतो. पन्नाशी ओलांडलेले जुने विद्यार्थी फोन करतात, त्यांना एवढंच सांगतो की हृदय आतून तपासून घ्या, मंगच पाण्यात जा. उरलेलं सांगत नाही, ते आज तुम्हाला सांगितलं. कारण त्याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही आणि मिळेल असं वाटत नाही. पण सकाळी जाग आली, सुनंदाच्या भांड्यांचा आवाज कानावर आला, की अंथरुणातच पडल्या पडल्या मी कुणाचे तरी आभार मानतो. कुणाचे, ते ठाऊक नाही.

अजून तरी घरी कुणी आलेलं नाही. पण अवेळी बेल वाजली की सुनंदा मला उठू देत नाही. दार उघडायला स्वतः जाते.