खळ दिलेल्या गोधड्या

माझा मुलगा निमोनियातून उठला तो महादेवाच्या कृपेने की डॉक्टरांच्या सुईने, याचा वाद आमच्या घरात बरेच दिवस चालला होता. यजमान शाळामास्तर, त्यांचा कौल सुईला. मी मात्र पोराच्या उशाशी नवस बोलून बसले होते, की हा वाचला तर तिरोडीच्या खाणीवरच्या अनाथ लेकरांना माझ्या हाताने शिवलेल्या अकरा गोधड्या संक्रांतीच्या आत देईन. तिथे एक वृद्ध गुरुजी अशी मुले सांभाळत, आणि ती पौषाच्या थंडीत बारदानावर झोपतात, हे मी स्वतः पाहून आले होते. पोर वाचले. आता मला शब्द पाळायचा होता, आणि खरे सांगायचे तर चार लोकांना दिसेल असा पाळायचा होता.

वारासिवनीत आमच्या आळीत माझ्यासारखी गोधडी कुणाला जमत नाही, असा माझा समज होता. घरोघरी जुनी लुगडी, धोतरे मागितली, उकळून धुतली आणि दोन महिने शिवत बसले. पण जुने ते जुनेच दिसे. माझ्या दानाला कुणी चिंध्या म्हणावे, हे मला सोसवेना. म्हणून शिवून झालेल्या गोधड्यांना मी भाताच्या पेजेची खळ दिली. गोधड्या अशा ताठ झाल्या, की यांच्यावर झोपायचे की यांना भिंतीला टेकवून ठेवायचे, असे यजमानांनी विचारले. मी ते हसण्यावारी नेले आणि धान साठवायच्या ढोलीशेजारी त्या रचून ठेवल्या.

जिथे धान तिथे उंदीर, आणि उंदराला खळ म्हणजे जेवणच, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. मला सुचले नाही. संक्रांतीला चार दिवस उरले असताना गोधड्या उघडल्या, तर सात गोधड्यांना मूठ जाईल एवढी भोके. मागायला आळीत एक जुने लुगडे शिल्लक नव्हते. मी त्या ओट्यावर पसरल्या आणि रडत बसले. मनात भलतेच आले. देवाला माझा नवस नकोच असेल, तर ज्याच्यासाठी बोलले त्या पोराचे काय?

तेवढ्यात एक म्हातारी पाणी मागायला आली. कटंगीकडून बालाघाटला लेकीकडे निघाली होती, पण मोटार आमच्या गावात बंद पडली होती. मी सवयीने तिचे गाव विचारले, जात विचारली, आणि उत्तर ऐकून हातात तांब्या न देता तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतले. हे लिहिताना आज लाज वाटते. त्या दिवशी वाटली नाही. पाणी पिऊन तिने तोंड पुसले.

"काहून रडून राह्यली वं बाई?"

मी सगळे सांगितले. एका भोकात बोट घालून ती हसली. "उंदरानं लुगडं खाल्लं. तुहा नवस थोडीच खाल्ला?"

मग तिने आपले गाठोडे सोडले. आत एकच लुगडे होते, हिरवे, बरेचसे नवे. ते तिने दाताने फाडायला घेतले तेव्हा मी हात धरला. हे तुमचे नेसायचे आहे, म्हटले.

"मले आंगावरचं पुरते. लेकरायले थंडी आज वाजून राह्यली."

तिने आधी सगळ्या गोधड्या पाण्यात बुडवून माझी खळ काढून टाकली. ताठ गोधडी लेकराच्या अंगाला लागत नाही, म्हणाली. उन्हात वाळवून ठिगळे लावायला बसली. डोळ्यांना नीट दिसत नव्हते, तरी टाके असे बारीक आणि सारखे, की त्यांच्यापुढे माझे मलाच ओबडधोबड दिसले. ठिगळ आतून लावू या, दिसणार नाही, असे मी सुचवले. दिसले तर दिसू दे, म्हणाली. पोराला ऊब समजते. लेक वाट पाहत असेल, तरी ती दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात तांब्या दिला, शेजारी बसून जेवले. तिने त्याचा काही गाजावाजा केला नाही. तिसऱ्या दिवशी मी दोरा घेऊन बाजारातून आले, तर शेवटचे ठिगळ लागलेले. यजमानांनी तिला मोटारीत बसवून दिले होते.

तिरोडीला एक चिमुरडी गोधडीत शिरली ती जेवायलाही बाहेर येईना. गुरुजींनी मुलांना सांगितले, या बाईंच्या पाया पडा. मी पाय मागे घेतले आणि म्हटले, माझ्या नव्हे, या गोधड्या दुसऱ्याच एका बाईंनी वाचवल्या.

गोधडीतून डोके काढून ती मुलगी म्हणाली, "नाव काय तिचं?"

मला ठाऊक नव्हते. गाव विचारले होते, जात विचारली होती. दोन दिवस एकाच सुईदोऱ्याने शिवत बसलो, पण नाव विचारले नव्हते.

ती देव होती असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर तिच्या लुगड्याचे मोल कमी होते. देवाला दुसरे मिळाले असते. पण तिला कोणी पाठवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि त्या उपकाराखाली मी आनंदाने वाकलेली आहे. तेव्हापासून मी नवस बोलत नाही. महादेवापुढे हात जोडते आणि म्हणते, तुझ्या मनात असेल ते कर. फक्त ज्याला माझ्या दारी पाठवशील, त्याला आधी नाव विचारायची बुद्धी मला दे.